पुडीची बाजू

६ नोव्हेंबर

आज सकाळी शेडवर गेल्या गेल्या जे केलं ते लिहून ठेवतो, पुढे कधी आठवावंसं वाटेल. फळीवरचा अँटिबायोटिकचा डबा खाली काढला, उकिरड्यामागे खड्डा खणला, आतली पावडर त्यात ओतली आणि वर माती लोटली. हात धुतले. उगवतीकडे तोंड करून नमस्कार केला. मन हलकं झालं. डबा चांगल्या पत्र्याचा आहे, तो खिळ्यांना ठेवला.

इतकी वर्षं ब्रॉयलर पक्ष्यांना आपण रोज थोडं थोडं हे औषध चारत आलो. आजारी म्हणून नव्हे, वजन लवकर भरावं म्हणून. पोर पडायच्या आधीच त्याच्या गुडघ्याला मलम चोळत बसावं, तसं. आता बंद. आता पुडी.

पुडी म्हणजे प्रीबायोटिक. ती विकणाऱ्या माणसाला आम्ही चकचकीत म्हणतो, त्याच्या बुटांमुळे. शेडच्या दारात जंतुनाशकाच्या पाण्याचा ट्रे असतो, त्यात पाय बुडवल्याशिवाय आत यायचं नाही असा नियम आहे. चकचकीत बूट बुडवत नाही, म्हणून तो कधी आत येत नाही. दारातूनच बोलतो. पण बोलतो फार छान. म्हणाला, काका, ही यीस्टची साल आणि चिकोरीची मुळी. पक्ष्याला ती पचत नाही, त्याच्या आतड्यातल्या चांगल्या जंतूंना पचते. ते खाऊन वाढतात, सगळी जागा धरून बसतात, वाईट जंतूंना टेकायला जागा उरत नाही. वाईटाला मारायचं नाही काका, चांगल्याला जेवू घालायचं.

हे ऐकून मी पोत्यावर बसलोच. पन्नाशी आली, आयुष्यभर चांगलंचुंगलं वाचत ऐकत आलो, पण इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

तरी मी डोळे मिटून विश्वास ठेवणारा माणूस नाही. ट्रायल घेणार.

७ नोव्हेंबर

पिल्लं आली. पिवळी, गरम, सगळी एकदम बोलणारी. शेडच्या मधोमध गुडघाभर उंचीच्या फळ्या लावून दोन भाग केले. दाराकडची पुडीची बाजू, आतली बिनपुडीची. खाद्य एकच, पाणी एकच, खाली गादीला अंथरायचं तूस एकाच पोत्यातलं. दोन्हीकडे सारखी पिल्लं. फरक फक्त पुडीचा. शास्त्र म्हणतात ते हेच.

या बॅचला माझा धाकटा भाऊ नाही. पंधरा वर्षं माझ्या शेडवर राबला, आता त्याने रस्त्यापलीकडचं जुनं शेड घेतलं आहे. चाळिशीत का होईना, स्वतःचं काही उभं करतोय. मला आनंद आहे. फक्त एक गोष्ट. रोज सकाळी पिल्लांत फिरून पाय फाकलेली, मान टाकलेली, न वाढणारी वेगळी काढायची आणि त्यांची मान मोडायची, याला छाटणी म्हणतात. ती तोच करायचा. दोन बोटं, एक झटका, आणि तोंडाने गप्पा दुसऱ्याच. मी त्या वेळी ड्रिंकर, म्हणजे पिल्लांची पाण्याची भांडी, धुवायला बाहेर असायचो.

आता मला करावं लागेल. करीन. त्यात काय. उद्यापासून.

८ नोव्हेंबर

छाटणी करायची होती. पण प्रवासाने दमलेली पिल्लं, लगेच न्याय करणं बरोबर नाही. उद्या.

९ नोव्हेंबर

डोकं दुखत होतं.

१० नोव्हेंबर, दुपार

मार्ग सापडला. देव सुचवतो म्हणतात ते खोटं नाही.

पुडीच्या बाजूला दारातून वारा येतो. अशक्त पिल्लं तिथे कुडकुडतात. आतली बाजू ऊबदार. तेव्हा पुडीकडची अशक्त पिल्लं उचलून आत नेऊन ठेवली. दवाखानाच समजायचा. मान मोडण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. आणि जीव वाचला तर वाचला.

पण मग पुडीच्या बाजूची संख्या कमी होणार, ट्रायल खोटी पडणार. म्हणून जितकी आत नेली तितकीच आतली धडधाकट पिल्लं, ज्यांना वाऱ्याचं काही वाटत नाही, दाराकडे आणून सोडली. हिशेब बरोबर. प्रामाणिकपणा म्हणजे प्रामाणिकपणा, कुणी बघत असो वा नसो.

हे रोज सकाळी करायचं ठरवलं आहे.

१३ नोव्हेंबर

आजपासून मीही पुडी सुरू केली. कोमट पाण्यातून सकाळी एक चमचा. जे दुसऱ्याच्या मुखात घालतो ते आधी आपण चाखावं.

१४ नोव्हेंबर

पोट फुगलं आहे. चांगल्या जंतूंची वस्ती वाढत असणार.

१६ नोव्हेंबर

सकाळी प्रार्थनेला बसलो असताना तीनदा उठावं लागलं. बायको म्हणाली, अहो, देवाला तरी मोकळा श्वास घेऊ द्या. चकचकीतला फोन केला. तो म्हणाला, काका, चमचा नाही हो, चिमूट! जास्त झालं की पोट सैल होणारच.

त्याचं मन लहान आहे. शुद्धी चालू असताना थोडा त्रास व्हायचाच. चालू ठेवणार.

१७ नोव्हेंबर

बंद केली. माझ्या पोटात मुळातच चांगले जंतू भरपूर असावेत, त्यांना जास्त झालं.

२० नोव्हेंबर

वजनं केली. बायकोला काट्यापाशी उभं केलं, मी दोन्ही बाजूंचे पक्षी टोपलीत धरून आणत होतो. रिझल्ट उघड्या डोळ्यांना दिसत होता. पुडीच्या बाजूचे पक्षी गोल, छाती भरलेली, पाय पिवळेधमक. आतले किडकिडीत, पंख विस्कटलेले, काही तर आल्या दिवसाएवढेच. एकाच शेडमध्ये दोन जगं.

मी बायकोला म्हणालो, बघ. ती म्हणाली, बघते आहे. तुम्ही रोज सकाळी टोपलीत भरून पिल्लं इकडून तिकडे नेता तेही बघते आहे. शाळेतली हुशार पोरं एका तुकडीत घालायची, ढ पोरं दुसऱ्या, आणि मग म्हणायचं, पहिल्या तुकडीचा फळा चांगला.

मी हसलो. तिला समजावलं की अशक्त पिल्लं नेतो तितकीच बदल्यात आणतो, त्यामुळे संख्या जुळते. ती काट्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, संख्या जुळते, हो.

तीही गावच्याच शाळेत शिकली, मीही. पण मी पुढे वाचन ठेवलं, तिला घरामुळे जमलं नाही. त्याला तिचा काय दोष.

२१ नोव्हेंबर

शेडच्या दारावर आतून खडूने लिहिलं: वाईटाला मारायचं नाही. अक्षर बरं आलं.

२८ नोव्हेंबर

डॉक्टरबाई लस द्यायला आल्या. पोरसवद्या आहेत, पण ट्रेमध्ये बूट घोटाभर बुडवून येतात, हे मला आवडतं. त्यांना पुडीचं सांगितलं. वाटलं होतं विरोध करतील. म्हणाल्या, चांगली गोष्ट आहे काका, पुष्कळ ठिकाणी देतात आता. पण ती कोरड्या गादीवर, स्वच्छ पाण्यात आणि धडधाकट पिल्लांत काम करते. ती मदतनीस आहे, राखणदार नाही.

मी मान डोलावली. शिकलेल्या माणसांना पण-परंतुची सवय असते.

फळ्यांच्या आत बघून त्या म्हणाल्या, इकडे इतके मुडदुसे का? छाटणी नाही केली? मी म्हणालो, चालू आहे.

३ डिसेंबर

धाकटा आला. फळ्यांपाशी किती तरी वेळ उभा राहिला. दाराकडचा एक पक्षी उचलून त्याने छाती चाचपली, मग आतला एक उचलला. हा माणूस हातात धरून पक्ष्याचं वजन सांगतो. म्हणाला, दादा, हे खरंच पुडीने?

मी म्हणालो, मी कधी खोटं बोललोय?

म्हणाला, नाही.

त्याची पिल्लं येत्या आठवड्यात येतात. पहिलीच बॅच. शेडमालकाने स्पष्ट सांगितलं आहे की ही बॅच नीट निघाली तर शेड पुढची तीन वर्षं तुझ्याकडे, नाही तर तो ते गोदामाला देणार. गोदामवाला मागे लागलेला आहेच. धाकटा म्हणाला, दादा, परत दुसऱ्याच्या हाताखाली नाही जायचं मला. तुझ्याही नाही. राग मानू नको.

मी राग मानला नाही. उलट त्याच क्षणी ठरवलं की याची बॅच अशी काढून द्यायची की लोक बघायला येतील.

९ डिसेंबर

धाकट्याला घेऊन खाद्यवाल्याकडे गेलो. मी सांगितलं, याचं खाद्य एकदम शुद्ध हवं, औषधाचा कण नको. खाद्यवाला म्हणाला, वाढीचं औषध मी घालतच नाही, ते तुम्ही तुमचं घालता. मी फक्त रक्ती हगवणीचं घालतो, ते सगळ्याच पोत्यांत असतं. तेही काढू?

मी चाट पडलो. म्हणजे माझ्या बॅचच्या खाद्यातही ते होतं तर. पिशवीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं म्हणे.

क्षणभर विचार केला. त्यातून एवढंच सिद्ध होतं की पुडीने औषध पोटात असतानासुद्धा इतकं काम केलं. ते नसतं तर किती केलं असतं!

काढा, म्हणालो. धाकटा माझी बाही ओढून म्हणाला, दादा, ते एक राहू दे ना. रक्ती हगवण लागली तर शेडच्या शेड बसतं. मी त्याला बाजूला घेऊन समजावलं. चांगल्याला जेवू घालायचं आणि दाराआड काठी घेऊन पण बसायचं, याला विश्वास म्हणत नाहीत. दोन डगरींवर पाय ठेवणारा मध्येच पडतो.

त्याने एका पोत्यावरून हात फिरवला. मग म्हणाला, तू म्हणशील तसं.

लहानपणापासून तसाच आहे. गुणी.

१२ डिसेंबर

धाकट्याची पिल्लं आली. भावजयीने त्यांना गूळपाणी पाजलं. माझ्या हाताने पहिल्या खाद्यात पुडी मिसळली. चकचकीतने सांगितलं होतं त्याच्या दुप्पट घातली. जेवू घालताना हात आखडता घेऊ नये.

धाकटा मिसळताना बघत होता. म्हणाला, तुला जास्त झाली होती ना रे मागे? वहिनी सांगत होती.

म्हटलं, मी माणूस आहे.

१६ डिसेंबर

माझी बॅच गेली. व्यापाऱ्याची माणसं पुडीच्या बाजूचे पक्षी भराभर क्रेटमध्ये भरत होती. आतल्या बाजूला आल्यावर व्यापारी कमरेवर हात ठेवून उभा राहिला. म्हणाला, हे काय आहे? बालवाडी? अर्धे त्याने घेतलेच नाहीत.

त्याला मी म्हणालो, ती बिनपुडीची बाजू आहे. तो म्हणाला, कसलीही असो, हे चिमण्यांच्या भावात गेले तर जातील.

रिझल्ट याहून स्पष्ट काय असणार?

राहिलेले ते पक्षी शेवटी धाकट्याला बोलावून त्याच्याकडून... ते जाऊ दे. मी ड्रिंकर धूत होतो.

२२ डिसेंबर

माझं शेड रिकामं, चुना मारून वाळत पडलं आहे. त्यामुळे रोज धाकट्याकडे जातो, मार्गदर्शन करतो. त्याची पिल्लं छान खेळतात. थोडी पातळ शिटतात. ती शुद्धी.

धाकट्याने छाटणी करू नये असं मी सुचवलं. तो म्हणाला, दादा, कृपा कर. आणि करत राहिला.

२६ डिसेंबर

त्याच्या शेडमध्ये तूस ओलं झालं आहे. मुठीत धरून दाबलं की गोळा होतो. खरं तर मूठ सोडली की ते सुटं व्हायला हवं, हे मीच त्याला शिकवलं होतं. थंडीमुळे पडदे पाडून ठेवावे लागतात, त्यात पिल्लांच्या शिटण्याने ओल. त्याने वरचा थर काढून नवं तूस टाकलं, दोन दिवसांत तेही तसंच.

आत गेलं की अमोनियाच्या वासाने डोळे चुरचुरतात. भावजय तोंडाला ओढणी बांधून काम करते. मी तिला सांगितलं, वाईट बाहेर पडतंय, पडू दे. ती ओढणीच्या आतून काहीतरी म्हणाली. ऐकू आलं नाही.

धाकटा म्हणाला, पुडी निम्मी करू या का? म्हटलं, मध्येच हात काढला तर चांगले जंतू उपाशी पडतील आणि जागा मोकळी होईल. त्याला ते पटलं असावं. तो पुढचं पोतं उचलायला गेला.

२९ डिसेंबर

चकचकीत भेटला. दुप्पट म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. म्हणाला, काका, तुमच्या पोटाबद्दल मी फोनवर काय सांगितलं होतं? आणि रक्ती हगवणीचं औषध काढलंत? ते काढा असं मी कधी म्हणालो? मी म्हणालो, वाईटाला मारायचं नाही, हे तुमचंच वाक्य. तो म्हणाला, अहो काका, ते ब्रोशरवरचं वाक्य आहे.

विकणाऱ्यालाच आपल्या मालाची किंमत कळत नाही, याचं वाईट वाटलं.

१ जानेवारी

नव्या वर्षाचे संकल्प: पहाटे उठणे. कमी बोलणे. धाकट्याची बॅच तडीस नेणे.

सकाळी भावजयीचा फोन. शिटेत लाल दिसतंय. मी जाऊन पाहिलं. पिल्लं गोळा होऊन उभी, पंख सैल, डोळे मिटलेले, थंडीत म्हातारी माणसं उभी राहावीत तशी. तुसावर तांबडे ठिपके. चिकोरीच्या मुळीचा रंग उतरत असावा.

धाकटा म्हणाला, दादा, हे रक्त आहे. मी पंधरा वर्षं बघतोय.

मी म्हणालो, एक दिवस थांबू. डॉक्टरबाईंना बोलावलं की त्या बाटल्या लिहून देणार आणि इतक्या दिवसांची साधना पाण्यात. त्याने माझ्याकडे बघितलं. मी आत जाऊन पिल्लांमध्ये बसलो आणि प्रार्थना केली. एक पिल्लू माझ्या पायाशी येऊन टेकलं. ते मी खूण मानली.

२ जानेवारी

मरतूक वाढली. बादल्या भरल्या.

खूण मानलेलं पिल्लू कोणतं ते आता ओळखता येत नाही.

३ जानेवारी

भावजयीने न विचारता डॉक्टरबाईंना बोलावलं. घरातल्या मोठ्या माणसाला विचारायची पद्धत असते. 

बाईंनी उलट्या बादलीवर एक मेलेला पक्षी ठेवला आणि कापला. आतडं फुगलेलं, आत रक्ताच्या गाठी. म्हणाल्या, रक्ती हगवण, उघड आहे. ओल्या गादीवर तिचं फावतं. खाद्यात औषध कोणतं? धाकटा म्हणाला, काही नाही. त्यांनी मान वर केली. काही नाही म्हणजे?

मग मी पुढे झालो. म्हटलं, बाई, हे अंदाजाने केलेलं नाही, माझ्याकडे ट्रायल आहे. आणि सगळं नीट सांगितलं. दोन बाजू, एकच खाद्य, एकच तूस. पुडीकडची अशक्त पिल्लं रोज आत ऊबेला नेत होतो, आणि ट्रायल खोटी पडू नये म्हणून तितकीच धडधाकट इकडे आणत होतो. शेवटपर्यंत एका पिल्लाचा फरक पडू दिला नाही.

बाई म्हणाल्या, थांबा काका. अशक्त ती तिकडे, आणि सशक्त ती इकडे? रोज?

म्हटलं, रोज. एक दिवस चुकवला नाही.

बाई सुरी पुसत राहिल्या, ती स्वच्छ झाल्यावरसुद्धा. धाकट्याने हातातली बादली खाली ठेवली. फार हळू ठेवली. माझी बायको दारात उभी होती, तिने त्याच्याकडे बघितलं आणि मग जमिनीकडे.

शेवटी बाईच बोलल्या. पुडीत काही खोट नाही काका. खोट नाही तिच्यात. मग पाण्यातून द्यायचं औषध दिलं आणि म्हणाल्या, अजून जे पितात ते वाचतील. जे उठत नाहीत ते काढून टाका, आजच. ते पिणार नाहीत, आणि त्यांच्या शिटेतून बाकीच्यांना जाईल.

धाकटा मला काहीच बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

४ जानेवारी

रात्री नीट झोप लागली नाही. एक हिशेब डोक्यातून जात नाही. तो असा: अशक्त तिकडे, सशक्त इकडे.

बायकोने चहा दिला. मी म्हणालो, तू तुकड्यांचं म्हणाली होतीस. ती म्हणाली, कधीतरी म्हणाले असेन.

तरी पुडीचा थोडा परिणाम असणारच. पूर्ण शून्य नसणार.

५ जानेवारी

औषधाने काही पक्षी सावरले. पाण्यावर येतात. पण उठत नाहीत ते पुष्कळ. धाकट्याने ते भिंतीकडच्या बाजूला वेगळे केले, मध्ये फळ्या लावून. माझ्याच शेडमधून आणलेल्या फळ्या.

त्यांची छाटणी त्याने केली नव्हती. बाईंनी आजच काढा म्हणून सांगितलं होतं, त्याला दोन दिवस झाले. मी विचारलं, तू का करत नाहीस? तो खाली बसून तूस उकरत होता. वर न बघता म्हणाला, पंधरा वर्षं केली, दादा. तुझीही केली. डिसेंबरात तुझ्या आतल्या बाजूची केली, तेव्हा तू ड्रिंकर धूत होतास, आणि ते सगळे ड्रिंकर आधीच स्वच्छ होते, मी सकाळीच धुतले होते. ही तू करायचीस.

म्हटलं, करतो. उद्या सकाळी.

तो म्हणाला, उद्या म्हणजे उद्या.

६ जानेवारी

गेलो होतो. एक हातात घेतला. फार हलका. त्याची मान बोटांत आली, आत काहीतरी टकटक करत होतं. खाली ठेवला.

धाकट्याला सांगितलं की निसर्गाला त्याचं काम करू द्यावं. तो म्हणाला, निसर्ग तिकडे पाण्यापर्यंत पोचतोय.

खरं होतं. कालपर्यंत पाण्यावर येणाऱ्यांपैकी आज काही आले नाहीत.

७ जानेवारी

शेडमालक आला. बरोबर गोदामवाला. दोघं आत आले नाहीत, ट्रेपाशीच थांबले. गोदामवाल्याने खिशातून टेप काढून दाराची रुंदी मोजली, ट्रक मागे लागेल का ते बघायला. धाकट्याने त्याच्यासाठी टेपचं दुसरं टोक धरलं.

मालक वाईट माणूस नाही. म्हणाला, आठवडाभर थांबतो, उरलेले निघाले तर बघू. धाकटा हो हो म्हणत होता. जे उठत नाहीत ते तसेच फळ्यांआड पडून होते, आणि मधल्या फटीतून ओल इकडे येत होती.

भावजय मला म्हणाली, दादा, तुम्हाला जमणार नसेल तर मी करते. मला शिकवायला सांगा यांना.

तिचे हात मी बघितले. अमोनियाने सालटलेले.

उद्या. हा शब्द इथे लिहिला आहे आणि खोडत नाही.

८ जानेवारी, सकाळ

केलं.

पहाटे उठलो, प्रार्थनेला न बसता तसाच गेलो. धाकटा दारात होता, माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. पहिल्या पक्ष्याला माझा हात अर्ध्यातच थांबला, आणि थांबला म्हणून त्याला फार त्रास झाला. तो आवाज ऐकून धाकट्याने पाठ न वळवता सांगितलं, पाय घट्ट धर, मान खाली ओढ आणि वळव, एका दमात, मध्ये दया करू नकोस. दुसऱ्यापासून तसं केलं.

प्रत्येकाच्या वेळी देवाचं नाव घ्यायचं ठरवलं होतं. नाही घेतलं. देवाने यातलं काही सांगितलं नव्हतं.

चांगला जंतू, वाईट जंतू काही मनात आलं नाही. एकामागून एक हलके पक्षी होते, आणि मी होतो. बादली भरली की धाकटा हात मागे करून ती घ्यायचा आणि रिकामी द्यायचा.

शेवटाकडे एक असा आला की त्याने डोळा उघडला. त्याने स्वतःहून मान उभी धरल्यासारखी वाटली. मी दाराकडे बघितलं, धाकट्याची पाठ होती. त्याला उचलून रिकाम्या पोत्यांमागे ठेवला, शेजारी झाकणात पाणी. बाकीचे संपवले. झालं म्हणालो. धाकटा बरं म्हणाला. हात धुतले, ट्रेमधून बाहेर आलो, फाटकापर्यंत गेलो.

फाटकाला हात लावून थोडा वेळ उभा राहिलो.

मग परत आलो, ट्रेमध्ये पाय बुडवले, पोती बाजूला केली आणि तोही केला.